रिपोर्टमध्ये ‘डेड-बॉक्स आरएनए हेलिकेज’ लिहिलंय, म्हणजे नेमकं काय? (मुलगी, वय ३ वर्षं ४ महिने)

कृष्णाकाठची_आई

नमस्कार. मी इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच, त्यामुळे जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही कराडचे. मुलगी ३ वर्षं ४ महिन्यांची आहे. जन्मली तेव्हा वजन चांगलं २ किलो ८०० होतं, रडली पण लगेच, फक्त अंग एकदम सैल, उचलून घेतलं की हातातून निसटतेय असं वाटायचं. दूध ओढायला एकेक तास लागायचा. मान धरली ९व्या महिन्यात, बसायला लागली १७व्या महिन्यात, आता हात धरला तर चार पावलं टाकते. बोलत अजून काहीच नाही, ‘आ’ आणि ‘म्म’ एवढंच. पण हसते फार, माणसं ओळखते, हे ऑफिसातून आले की गाडीच्या आवाजाला मान वळवते. दोन वर्षं आम्हाला सगळ्यांनी हेच सांगितलं की होईल हळूहळू, काही मुलं उशिरा बोलतात. मग एमआरआय झाला, त्यात मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पट्टा बारीक आहे असं आलं, आणि शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी एक्झोम टेस्ट (जीन्स वाचायची तपासणी) करायला लावली, तिचं रक्त आणि आमच्या दोघांचं पण.

रिपोर्ट मागच्या सोमवारी आला. डीडीएक्स३एक्स नावाच्या जीनमध्ये बदल, मिसेन्स, हेटेरोझायगस, डी नोवो, आणि खाली लिहिलंय की हा जीन डेड-बॉक्स आरएनए हेलिकेज प्रोटीन बनवतो. डॉक्टरांनी दहा मिनिटं समजावलं पण बाहेर अजून वीस जण बसलेले, आणि खरं सांगायचं तर तो ‘डेड’ शब्द वाचल्यावर मला पुढचं ऐकूच आलं नाही. घरी येऊन ह्यांनी मोबाईलवर शोधलं तर कुठे मेंदूचा कॅन्सर, कुठे एचआयव्ही, कुठे रक्ताचा कॅन्सर, सगळीकडे हेच हेलिकेज. आम्ही फोन बंद करून ठेवला.

सासूबाई वाईट नाहीत, मुलीचं सगळं त्याच करतात, पण परवा म्हणाल्या की सहाव्या महिन्यात ग्रहण होतं आणि तू तेव्हा विळीवर भाजी चिरत होतीस. मी थायरॉईडची गोळी घ्यायचे, एकदा ताप आला म्हणून पॅरासिटामॉल पण घेतली होती. तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय. माझ्यामुळे झालंय का? हे प्रोटीन करतं काय? आणि दुसरं मूल होऊ द्यावं की नाही, तेही अजून कुणाला विचारलेलं नाही.

कुणाला कळत असेल तर साध्या भाषेत सांगा प्लीज.

सूक्ष्मदर्शी

ताई, आधी तो ‘डेड’ शब्द डोक्यातून काढा, त्याचा मरणाशी काडीचा संबंध नाही. प्रोटीन हे अमिनो आम्लांच्या लांब माळेचं बनतं आणि प्रत्येक अमिनो आम्लाला इंग्रजीत एकेक अक्षर दिलेलं आहे. अॅस्पार्टिक आम्लाला डी, ग्लुटामिकला ई, अॅलानिनला ए. ह्या कुटुंबातल्या सगळ्या प्रोटीन्समध्ये एका ठरलेल्या जागी डी, ई, ए, डी असे चार मणी ओळीने येतात. १९८९ मध्ये हे साम्य ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी तेच नाव ठेवून दिलं. मला फार वाटतं की लॅबवाल्यांनी रिपोर्टमध्ये ही एक ओळ लिहायला हवी. आईबाप रात्री दोन वाजता एकटे बसून तो कागद वाचतात.

मी आरएनएशी काम करणाऱ्या प्रोटीन्सवर पीएचडी केलीय, डॉक्टर नाही, त्यामुळे उपचाराचं मी बोलणार नाही, पण हे प्रोटीन काय करतं ते सांगते.

डीएनए म्हणजे कपाटात जपून ठेवलेली आजीची पाककृतींची वही समजा. वही कुणी स्वयंपाकघरात नेत नाही, त्यातली हवी ती एक कृती चिठ्ठीवर उतरवून नेतात. ती चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए, आणि ती वाचून पदार्थ, म्हणजे प्रोटीन, करणारा जो आहे तो रायबोसोम. आता गंमत अशी की आरएनए एकपदरी धागा आहे आणि एकपदरी असल्यामुळे तो स्वतःलाच चिकटतो, त्याला घड्या पडतात, गाठीसारखे फुगे येतात. वाचायला जिथून सुरुवात होते नेमक्या त्याच टोकाला घट्ट घडी पडली असेल तर रायबोसोमला आत शिरताच येत नाही. चिठ्ठी आहे, मजकूर बरोबर आहे, पण उलगडलेली नाही. ती घडी उलगडून देणारं प्रोटीन म्हणजे आरएनए हेलिकेज.

कॉलेजात हेलिकेज म्हटलं की चेन उघडत पुढे पळणारं यंत्र शिकवतात. डीएनएवरची बरीच हेलिकेज तशी आहेत पण डेड-बॉक्सवाली तशी पळत नाहीत. ह्यांचे दोन तळव्यांसारखे दोन भाग असतात. एटीपी, म्हणजे पेशीतलं इंधन, आणि आरएनए दोन्ही हाताशी आले की तळवे मिटतात, मधला धागा वाकतो, आणि त्या वाकण्यानेच तिथली चिकटलेली जोडी सुटते. मग एटीपी तुटतो, तळवे उघडतात, धागा सोडून दिला जातो. एवढंच, अगदी थोड्या जागेपुरतं, पण पेशीत हे सतत चालू असतं. माणसाच्या शरीरात सगळ्या प्रकारची मिळून आरएनए हेलिकेज ६०च्या वर आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळ्या ठिकाणी. काही आरएनए कापून जोडण्याच्या कामात, काही रायबोसोम घडवण्यात, काही तर विषाणू आलाय का बघायला पहाऱ्यावर. म्हणून तुमच्या मिस्टरांना शोधताना कॅन्सरपासून एचआयव्हीपर्यंत सगळं दिसलं. ती सगळी तुमच्या मुलीची गोष्ट नाही.

तिचं डीडीएक्स३एक्स हे ६६२ मण्यांचं प्रोटीन आहे. सुरुवातीलाच घट्ट घड्या असलेल्या काही ठरावीक चिठ्ठ्या वाचायला ते लागतं. आईच्या पोटात मेंदू घडत असताना मूळ पेशींपासून चेतापेशी तयार होण्याचा जो काळ असतो तेव्हा त्याची गरज फार. २०२० मध्ये अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या गटांनी १०७ जणांचा अभ्यास छापला. त्यात काही मिसेन्स बदलांमध्ये, म्हणजे एक मणी बदलून दुसरा आला अशा बदलांमध्ये, घडी उलगडायची ताकद कमी झालेली दिसली आणि पेशीत आरएनए-प्रोटीनचे नको ते गोळे जमलेले दिसले. मिसेन्समध्ये काही मुलांना जास्त त्रास होतो आणि मेंदूच्या पृष्ठभागावर बारीक बारीक घड्या जास्त पडणं, पॉलिमायक्रोगायरिया म्हणतात त्याला, हेही त्यांच्यातच जास्त दिसलं. तुम्ही एमआरआयमध्ये फक्त पट्टा बारीक आहे असं लिहिलंय. हा पट्टा बारीक असणं ह्या आजारात खूप मुलींमध्ये दिसतं. नुसत्या ‘मिसेन्स’ ह्या शब्दावरून मात्र तुमची मुलगी पुढे किती चालेल बोलेल ते कुणी सांगू शकत नाही, सांगितलं तरी विश्वास ठेवू नका.

मुलींनाच जास्त का, हा प्रश्न पुढेमागे पडेलच. हा जीन एक्स गुणसूत्रावर आहे. मुलींना दोन एक्स, त्यातला एक बहुतेक जीन्ससाठी झोपवला जातो, पण डीडीएक्स३एक्स त्या झोपेतून सुटणाऱ्या थोड्या जीन्सपैकी आहे, म्हणजे मुलींमध्ये दोन्ही प्रती जाग्या असतात आणि दोन्ही लागतात. एक बिघडली की काम अर्ध्यावर येतं. रिपोर्टमधलं ‘हेटेरोझायगस’ म्हणजे हेच, दोनपैकी एकाच प्रतीत बदल. मुलग्यांमध्ये वाय गुणसूत्रावर डीडीएक्स३वाय नावाचा जुळा भाऊ असतो पण तो सगळीकडे पुरा पडत नाही. एक्सवरची एकुलती प्रत पूर्ण बिघडली तर मुलगा असलेला गर्भ बहुधा टिकतच नाही. म्हणून निदान झालेल्यांत मुलीच खूप जास्त.

आणि शेवटचं, जे मला पहिलं लिहायचं होतं. डी नोवो म्हणजे हा बदल तुमच्यातही नाही आणि मुलीच्या बाबांमध्येही नाही, तुमचं दोघांचं रक्त म्हणूनच घेतलं होतं. स्त्रीबीज किंवा शुक्रबीज तयार होताना सगळ्या डीएनएची नक्कल होते, त्यात प्रत्येक माणसात साधारण ६०-७० अक्षरं नव्याने बदलतात. तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत. बहुतेक वेळा ती अशा जागी पडतात की काही होत नाही. तुमच्या मुलीचं एक अक्षर ह्या जीनमध्ये पडलं, आणि ते बहुधा गर्भ राहिला त्या क्षणीच तिथे होतं. सहाव्या महिन्यातलं ग्रहण, विळी, थायरॉईडची गोळी, ताप, ह्यातलं काही त्याला कारण होऊच शकत नाही. थायरॉईडची गोळी घेतलीत ते तर फार चांगलं केलंत, ती बाळाच्या मेंदूलाच लागते. सासूबाईंना हे असंच्या असं वाचून दाखवा.

रानजाई

सूक्ष्मदर्शी, किती सोपं करून लिहिलंत. कृष्णाकाठची_आई, घट्ट मिठी. वाचतेय.

मांजराकाठ

ताई, मी लातूरचा. तुमच्या मुलीचा आजार वेगळा, आमचा वेगळा, पण आमच्या रिपोर्टात पण हेलिकेज शब्द होता म्हणून लिहितोय.

माझा धाकटा भाऊ चौदा-पंधरा वर्षांचा असताना चालताना झोकांड्या जायला लागला. शाळेत मास्तरांना वाटलं पोरगं वाया गेलं. दोन वर्षं तर आम्हीच त्याला बोलत होतो, ते आता आठवलं की पोटात तुटतं. मग अक्षर बिघडलं, सायकल चालवता येईना. एका न्यूरोवाल्या डॉक्टरांनी रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन नावाचं एक प्रोटीन बघितलं, ते वाढलेलं निघालं, एमआरआयला छोटा मेंदू (डोक्याच्या मागचा, तोल सांभाळणारा भाग) सुकलेला, मग जीन टेस्ट. सेटएक्स नावाचा जीन, सेनाटॅक्सिन नावाचं प्रोटीन, आजाराचं नाव एओए२. आम्हाला सांगितलं ते असं की डीएनएवरून आरएनएची चिठ्ठी उतरवताना कधीकधी ती चिठ्ठी वहीच्या पानालाच चिकटून बसते, तीन पदरी गुंता होतो, आणि तो सोडवायचं काम हे सेनाटॅक्सिन करतं. गुंता राहिला की चेतापेशी हळूहळू मरतात. तान्हेपणी काही दिसत नाही, दहा ते वीस वर्षांच्या दरम्यान सुरू होतं.

आमच्याकडे आईबापाचं लग्न मामा-भाच्यांच्या घरातलं, म्हणजे आई वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्या भागात हे अजून चालतं. दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत होती, दोघं ठणठणीत, भावाला दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या. अशा वेळी प्रत्येक गरोदरपणात चारात एक. त्यामुळे आमच्या घरात ‘डी नोवो’ हा शब्द नव्हता, आमचं पुढच्या पिढीचं गणित वेगळं आहे. बहिणीचं लग्न ठरवताना आम्ही नात्यात करायचं नाही म्हणून अडून बसलो, आजीनं वर्षभर अबोला धरला, पण नाही केलं.

तुम्हाला सांगायचं एवढंच की हेलिकेज एकच शब्द असला तरी घराघरात त्याचा हिशेब वेगळा लागतो. दुसऱ्याचं वाचून स्वतःला लावून घेऊ नका. आमच्याच सेटएक्समध्ये दुसऱ्या तऱ्हेचा बदल झाला तर एएलएसचा (स्नायू हळूहळू लुळे पडत जातात त्या आजाराचा) एक प्रकार होतो, आणि तो एकाच प्रतीनं होतो. एकच जीन, दोन वेगळे आजार.

भाऊ आता २६ चा आहे. वॉकर लागतो. घरातल्या दुकानाचा हिशोब तोच बघतो.

कृष्णाकाठची_आई

सूक्ष्मदर्शी ताई, तुमचं मी काल रात्री ह्यांना वाचून दाखवलं आणि आज सकाळी सासूबाईंना. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुपारी मुलीला मांडीवर घेऊन भरवत होत्या आणि मला म्हणाल्या तू जेवून घे आधी. मला पुरे एवढं.

मांजराकाठ दादा, तुमच्या भावाबद्दल वाचून गळा दाटून आला. लिहिलंत म्हणून आभार.

दोन गोष्टी अजून विचारते. ह्यांनी वाचलं होतं की डीडीएक्स३एक्समुळे मुलांना मेंदूचा कॅन्सर होतो, ते खरं का? आणि काही औषध आहे का? आमच्या ओळखीत एकांनी स्टेम सेलचं सुचवलंय, लाखात खर्च आहे, ह्यांनी शेत गहाण टाकायची पण तयारी केलीय.

अहिराणी_डॉक्टर

कृष्णाकाठची_आई, शेत गहाण टाकू नका. हे मी हात जोडून सांगतोय. मी बालरोगतज्ज्ञ आहे, जळगाव भागात बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय, आणि अशी गहाण पडलेली शेतं मी पाहिली आहेत. ह्या आजारात स्टेम सेलचा उपयोग होतो असा पुरावा नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत, रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेल फक्त नोंदणी झालेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येतात, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी लाखात फी सांगत असेल तर तिथेच उठून या.

ह्या जीनवर सरळ काम करणारं औषध आज नाही. पण ‘औषध नाही’ म्हणजे ‘करण्यासारखं काही नाही’ असं अजिबात नाही, आणि तुमचे पैसे आणि वेळ जिथे लागायला हवेत ते सांगतो. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल आणि स्पीच थेरपी, आजपासून, नियमित, आणि घरी रोज. सैल अंगाच्या मुलांना घोट्याला आधार देणारे स्प्लिंट किंवा बूट बऱ्याचदा फार कामाला येतात, फिजिओला विचारा. डोळे आणि कान एकदा नीट तपासून घ्या, ह्या मुलींत चष्म्याचे नंबर आणि तिरळेपणा दिसतो आणि ज्या मुलीला धड दिसतच नाही ती शिकणार कशी. हृदयाची एक इको. दर भेटीत पाठीचा कणा बघायला सांगा, वाढताना बाक येऊ शकतो. फिट किंवा मध्येच टक लावून हरवल्यासारखं काही दिसलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) करा. जेवताना ठसका लागतो का, शौचाला घट्ट होते का, झोप कशी आहे, हे प्रश्न डॉक्टरांनी विचारले नाहीत तरी तुम्ही सांगा, ही छोटी दुखणी सुटली की मुलं थेरपीत चांगला प्रतिसाद देतात असा माझा अनुभव आहे.

पैशांचं. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली डीईआयसी म्हणून, मुलांच्या वाढीतल्या अडचणींसाठीचं, केंद्र असतं, तिथे थेरपी मोफत. तिथूनच दिव्यांग प्रमाणपत्राची आणि यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) प्रक्रिया कळेल. प्रमाणपत्र मिळालं की नॅशनल ट्रस्टची निरामय योजना घ्या, वर्षाला १ लाखापर्यंतचं कव्हर आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. खूप पालक प्रमाणपत्र काढायला नको म्हणतात, शिक्का बसेल म्हणून. मी त्यांना सांगतो, शाळा, सवलती, परीक्षेतला जादा वेळ, सगळं त्या कागदावर चालतं. दुर्मीळ आजारांच्या २०२१च्या राष्ट्रीय धोरणात मुंबईचं केईएम रुग्णालय हे केंद्र आहे. जेनेटिक्सच्या डॉक्टरांशी निवांत बोलायचं असेल तर एक फेरी तिथे मारा, सगळे रिपोर्ट घेऊन.

दुसऱ्या मुलाबद्दल. बदल डी नोवो आहे म्हणजे पुन्हा होण्याची शक्यता खूप कमी, पण शून्य नाही. कधीकधी आई किंवा वडिलांच्या बीजपेशींपैकी काहींमध्येच तो बदल लपलेला असतो, रक्तात दिसत नाही, म्हणून साधारण १ टक्क्याच्या आसपास धरून चालतात. गर्भ राहिल्यावर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल काढून नेमका हाच बदल आहे का बघता येतं. पीसीपीएनडीटी कायद्यात (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यात) जनुकीय आजारासाठी ही तपासणी बसते, रीतसर नोंदणी असलेल्या केंद्रातच करायची, आणि मुलगा की मुलगी हे ते सांगणार नाहीत आणि आपण विचारायचंही नाही. एक महत्त्वाचं, गर्भ राहण्याच्या आधी जेनेटिक काउन्सेलरना भेटा, नंतर धावपळ होते.

कॅन्सरचं सूक्ष्मदर्शी माझ्यापेक्षा चांगलं समजावतील.

सूक्ष्मदर्शी

डॉक्टर, स्टेम सेलचं इतकं स्पष्ट लिहिलंत, फार बरं झालं.

ताई, कॅन्सरची भीती कुठून आली ते सांगते. मेड्युलोब्लास्टोमा नावाचा लहान मुलांच्या छोट्या मेंदूतला ट्यूमर असतो. २०१२ मध्ये त्या ट्यूमरच्या पेशींचा डीएनए वाचला तेव्हा काही प्रकारांत डीडीएक्स३एक्समध्ये बदल सापडले. पण ते बदल त्या मुलांच्या जन्मापासूनचे नव्हते, फक्त ट्यूमरच्या पेशींत नंतर झालेले, आणि त्यासोबत इतरही जीन्स बिघडलेले. ह्याला सोमॅटिक म्हणतात. तुमच्या मुलीचा बदल जन्मापासूनचा, मूळचा. शोधल्यावर दोन्ही एकाच यादीत येतात पण गोष्टी दोन आहेत. डीडीएक्स३एक्सच्या मुलींमध्ये ट्यूमर झाल्याची उदाहरणं अगदी मोजकी आहेत, तेव्हा नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा, आणि रोजच्या जगण्यात ती भीती आणू नका. रक्ताच्या कॅन्सरचं जे वाचलंत ते बहुतेक डीडीएक्स४१, म्हणजे ह्याच कुटुंबातला दुसरा भाऊ. त्यात बदल असलेल्या घराण्यांत मोठ्या वयात रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. तुमचा त्याच्याशी संबंध नाही.

एचआयव्हीचं म्हणाल तर विषाणू आपल्याच पेशीतली हत्यारं वापरतो. त्याला स्वतःचा लांब आरएनए केंद्रकातून बाहेर न्यायचा असतो, त्यासाठी तो आपलं डीडीएक्स३, म्हणजे हेच डीडीएक्स३एक्स, कामाला लावतो, हे २००४ मध्ये कळलं. म्हणून काही लोक डीडीएक्स३ दाबणारी रसायनं शोधतायत, विषाणूसाठी आणि कॅन्सरसाठी. तुमच्या मुलीत हे प्रोटीन आधीच कमी पडतंय, त्यामुळे अशा बातम्या वाचून ‘डीडीएक्स३ वर औषध आलं’ असं कुणी फॉरवर्ड केलं तर ते उलट्या दिशेचं आहे हे लक्षात असू द्या.

जरा विषयांतर करते पण मला हे फार आवडतं. हेलिकेजच्या घराण्यातच पहारेकरीही आहेत. रिग-आय आणि एमडीए५ ही दोन. विषाणूचा आरएनए पेशीत शिरला की ते त्याला चिकटतात आणि इंटरफेरॉनची घंटा वाजवतात, सर्दी तापात अंग मोडून येतं त्यात ह्या घंटेचा मोठा हात. एमडीए५ फार जागरूक झालं, स्वतःच्याच आरएनएला परका समजायला लागलं, की काही बाळांना एकार्डी-गुतिएर नावाचा मेंदूचा गंभीर आजार होतो. म्हणजे एकाच घराण्यात कुठे काम कमी पडून आजार, कुठे जास्त होऊन. त्यामुळे रिपोर्टवर नुसतं ‘हेलिकेज’ बघून काही ठरत नाही, कोणतं आणि त्याचं काय झालंय हे बघावं लागतं. मांजराकाठ दादांनी हेच सांगितलं.

आणि डीडीएक्स३एक्सचा आजार म्हणून नीट ओळख झाली २०१५ मध्ये, नेदरलँड्समधल्या गटाने ३८ मुली-बायकांचा अभ्यास छापला तेव्हा. त्याआधी जन्मलेल्या मुलींच्या आयांना तर आयुष्यभर कारणच कळलं नाही. कारण न सापडलेल्या बौद्धिक अक्षमतेच्या मुलींमध्ये १ ते ३ टक्के ह्याच्या असतील असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे आपल्याकडेही टेस्ट न झालेल्या खूप असणार, एखादी तुमच्याच तालुक्यात असेल.

जर्सीतली_सांगलीकर

मैत्रिणीने लिंक पाठवली म्हणून लॉगिन केलं. माझी मुलगी ९ वर्षांची, डीडीएक्स३एक्स, तिचाही मिसेन्स, तीही डी नोवो. मूळ सांगलीची मी, म्हणजे आपण अगदी शेजारच्याच.

तुमचं ‘हातातून निसटतेय’ वाचून मला तिचं पहिलं वर्ष आठवलं, माझी आई तिला झेलायला दोन्ही हात पसरून मागे उभी राहायची. ती चालली ४ वर्षं २ महिन्यांची असताना. मी तारीख लिहून ठेवलीय. अजून पायऱ्या उतरताना हात लागतो. तोंडाने सात-आठ शब्द आहेत, ते पण ओळखीच्यांनाच कळतात, पण टॅबलेटवर चित्रं दाबून ती वाक्यं करते, भांडते पण. तुमची मुलगी बोलायला लागेपर्यंत थांबू नका, चित्रांनी बोलणं आत्ताच सुरू करा. आम्हाला इथेही लोक म्हणाले की टॅबलेट दिला तर बोलणार नाही. तसं काही होत नाही. आम्ही त्या भीतीत दीड वर्ष घालवलं, त्याची मला फार हळहळ आहे, दीड वर्ष ती मुलगी मनातलं सांगू शकत नव्हती. आयआयटी मुंबईने केलेलं जेलो नावाचं अॅप आहे, मराठीत चालतं, फुकट आहे, माझी आई भारतातून व्हिडिओ कॉलवर तिच्याशी तेच वापरून बोलते.

झोपेचा त्रास असेल तर सांगा, आमचा सगळ्यात मोठा प्रश्न तो होता. पालकांचा एक जगभराचा गट आहे, अमेरिकेतल्या डीडीएक्स३एक्स फाउंडेशनच्या भोवती जमलेला, त्यात भारतातलेही आईबाप आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जोडून देते.

मी पण पहिल्या वर्षी सगळे शोधनिबंध वाचायचे, रात्र रात्र, आणि प्रत्येक वाक्य तिच्यावर लावून बघायचे. आता वर्षातून एकदा वाचते, तिच्या वाढदिवसानंतर, नवीन काय आलं ते.

कृष्णाकाठची_आई

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंय, मी वहीत उतरवून घेतलंय, खरंच. गुरुवारी जिल्हा रुग्णालयात जातोय, डीईआयसीला, रिपोर्टच्या तीन झेरॉक्स काढल्या. स्टेम सेलवाल्यांना ह्यांनी फोन करून नाही म्हणून सांगितलं. डोळ्यांची तपासणी एकदाही झाली नव्हती तिची, शनिवारची वेळ घेतली.

सांगलीकर ताई, व्यनि केलाय. अॅप उतरवून घेतलं पण त्यात इतकी चित्रं आहेत, सुरुवात कुठून करायची? आई, पाणी, भूक, असं आधी शिकवू का?

जर्सीतली_सांगलीकर

मी पण तिथूनच केली होती आणि काही उपयोग झाला नाही, कारण आई आणि पाणी तिला न मागता मिळतच होते. आमच्या थेरपिस्टने मग ‘अजून’ घ्यायला लावलं. झोक्यावर बसवायचं, दोन झोके द्यायचे, थांबायचं, आपणच ‘अजून’चं चित्र दाबायचं आणि मग झोका द्यायचा. तिचा हात धरून दाबायला लावायचं नाही, आपण दाबून दाखवायचं फक्त. झोका आवडत नसेल तर गाणं घ्या, अर्ध्यात थांबवा.

दोन महिने मीच दाबत होते. मग एका दिवशी थांबले आणि तिने स्वतः बोट पुढे केलं. सासूबाईंना पण शिकवा, त्या भरवतात तेव्हा त्यांच्याकडेच सगळ्यात जास्त वेळ असतो.